आधी निरोगी ओळी

टोमॅटोच्या पॉलीहाऊसमध्ये नवा विषाणू शिरल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी बायकोला जाऊन नऊ आठवडे झाले होते. तो चौदाव्या ओळीत बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यात फुटणारे नको ते कोंब, खुडत होता. ही ओळ बायकोची. ती असताना त्याला तिथल्या पानाला नखही लावू द्यायची नाही.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथला मॅनेजर. तो प्रयोगशाळेतल्या मॅडमना घेऊन आला. कोवळी पानं दोऱ्यासारखी बारीक झाली होती, फळांवर तपकिरी सुरकुत्या होत्या. माहितीतल्या सगळ्या रोगांच्या चाचण्या करून झाल्या होत्या, एकही जुळली नव्हती.

"पाहुणा नवा आहे," मॅडम म्हणाल्या. "हाताने पसरतो. आजारी पानाचा हात चांगल्या पानाला लागला की झालं."

त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि प्रत्येक आजारी झाडाच्या जागी लाल टाचणी टोचली. चौदावी ओळ सगळी लाल. तिथून टाचण्या नळाकडे गेल्या होत्या, नळापाशी घुटमळल्या होत्या, मग दाराकडे निघून अर्ध्या वाटेवरून पुन्हा चौदाव्या ओळीत आल्या होत्या.

"हा विषाणू काहीतरी विसरल्यासारखा का फिरतोय?" मॅडमनी विचारलं.

मेव्हण्याने छताकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"सकाळी आल्या आल्या तिच्या ओळीत जातो," तो म्हणाला. "मग नळावर तोंड धुऊन बाकीच्या. घरी निघालो तरी अर्ध्यातून पुन्हा तिथेच."

"अहो, नियम उलटा आहे! आधी निरोगी ओळी, आजारी शेवटी!"

"ओळ आजारी आहे हे मला कुठे ठाऊक होतं?"

"ताई असती तर पहिल्या पानालाच ओळखलं असतं," मेव्हणा म्हणाला.

"ती असती तर मी तिथे गेलोच नसतो."

त्याचे हात तपासले, बाह्या तपासल्या, ती बसायची तो पालथा क्रेट तपासला. तिघेही दोषी निघाले. मग मॅडमनी जरा अडखळत विचारलं, "रडताना पानांना हात लागतो का?"

"लागतो. रुमाल घरी राहतो."

तेव्हा अश्रूंचाही नमुना घ्यायचं ठरलं. रोज न मागता येणारं रडू त्या दिवशी काही केल्या येईना. धीर द्यायला म्हणून मेव्हणा शेजारी बसला आणि तोच ढसाढसा रडला. शेवटी बाटलीत त्याचेच गेले. निकाल आला: अश्रू निर्दोष.

दुसऱ्या दिवशी दारावर लेखी आदेश लागला. शोक कामाच्या शेवटी, निरोगी ओळी आटोपल्यावर, हातमोजे घालून करावा. आधी आणि नंतर हात दुधात बुडवावेत. दुधाने हा विषाणू लुळा पडतो, असं मॅडमचं म्हणणं. दाराशी दुधाची बादली आली.

"लोकांची पाची बोटं तुपात असतात," मेव्हणा म्हणाला, "तुमची दहाही दुधात."

"आणि घरी काळा चहा पितोय मी. दूध आणायचं ती बघायची."

त्याने आदेश पाळला. बाकीच्या एकोणतीस ओळी उरकून चौदावीत पोचेपर्यंत कंबर धरलेली असायची, पोटात कावळे ओरडत असायचे. रडायचं राहूनच जायचं. पंधरा दिवसांत नवी टाचणी लागली नाही. मॅडम खूश झाल्या.

"तुमचा शोक आटोक्यात आलाय," त्या म्हणाल्या. "आता बाकीची आजारी झाडं माझी माणसं काढतील. चौदावी ओळ घरच्यांनी काढा. उपटायची, पिशवीत भरायची, जाळायची."

त्या गेल्यावर दोघं ओळीच्या तोंडाशी उभे राहिले.

"भाऊजी, एकोणतीस ओळी वाचतील."

"मला हिशोब कळतो रे."

"मग अडलंय कुठे?"

"झाडं सुतळीला तिने बांधलीत. तशी गाठ मला येत नाही. सोडवायलाही येत नाही."

"कापा की."

"तू काप. तुझी ताई होती."

मेव्हण्याने कात्री उचलली, पहिल्या झाडापर्यंत गेला, वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. मग कात्री खिशात घालून नखाने गाठ उकलू लागला. "लहानपणी माझ्या बुटाला अशीच मारायची," मेव्हणा म्हणाला. "सुटता सुटायची नाही."

"मला दाखव," तो म्हणाला आणि शेजारी बसला.

संध्याकाळपर्यंत अकरा गाठी सुटल्या. पिशव्या आणून ठेवल्या आहेत. अजून एकशे एक गाठी सोडवायच्या आहेत, आणि झाड एकही उपटलेलं नाही.