हमामखान्यात लपवलेला तवा

मित्रांनो, तुमच्या घरी आप्पेपात्र असेल तर माझी अर्धी ओळख झालीच म्हणा. तसाच खळग्याखळग्यांचा, पण चौकोनी, निव्वळ तांब्याचा आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा असा मी एक तवा आहे. ओसाकातल्या एका छपराच्या बाजारगल्लीत माझ्यावर ताकोयाकी होतात, म्हणजे पोटात ऑक्टोपसचा तुकडा असलेले पिठाचे गरमागरम गोळे.

मला एका तांबटाने घडवलं. एकेक खळगा हातोडीने ठोकला आणि किंमतही खळग्यागणिक सांगितली. माझ्या पहिल्या मालकीणबाईंनी एवढी घासाघीस केली की शेवटची ओळ त्याला फुकट द्यावी लागली. गोळे सगळ्यात चांगले होतात ते त्याच ओळीवर. पुढे मी त्यांच्या सुनेच्या, तोमिए कुवाबाराच्या हाती आलो.

तोमिए रोज मला तेल पाजायची, कापडाने पुसायची आणि कोरडा करूनच झाकायची. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत. जो फार तोंडभरून स्तुती करतो तो शेवटी एक गोळा जास्तीचा मागतो, हे मला तिच्याकडे आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. तोमिएला ते त्याआधीच ठाऊक होतं. ती प्लेटमध्ये मुद्दाम एक कमी ठेवायची आणि मागितल्यावर तोच मोठ्या मनाने वाढायची. दोघंही खूश.

पण हिशेबाची एवढी पक्की बाई एका शिक्क्याला फसली. तिच्या धाकट्या दिराने, इसाओने, लोकांना गाणी म्हणायला खोल्या भाड्याने द्यायचा धंदा काढला आणि जामीन म्हणून कागदावर तिचा शिक्का मागितला. आमच्याकडे सहीच्या जागी नावाचा शिक्का चालतो. घरच्या माणसाला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि खरं कारण सांगणं आमच्याकडे उद्धटपणाचं. तिने शिक्का उमटवला. धंदा बुडाला, इसाओ गाव सोडून गेला आणि सगळं कर्ज तोमिएच्या दारात येऊन बसलं. माझ्यावरचे सगळे गोळे तिने जन्मभर विकले असते तरी ते फिटणारं नव्हतं.

वसुलीच्या फोनांनी ती इतकी धास्तावली की घंटा वाजली की गोळे उलटायची सळई खाली ठेवून ती फोनवर उशी दाबायची. शेवटी ती वकिलाकडे गेली. सेगावा नावाच्या या वकीलबाईंनी तिला दिवाळखोरीचा अर्ज करायला सांगितलं. कर्ज बुडवण्यासाठी हा कायदा नाही, बुडालेल्या माणसाला वर काढण्यासाठी आहे, असं त्या म्हणाल्या. वकिलाचं पत्र गेलं की सावकारी कंपन्यांचे फोन थांबतात. लोक समजतात तसं कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत नाव लाल शाईने लिहीत नाहीत. मतदानाचा हक्क जात नाही. आणि शेवटी न्यायालयाने माफी दिली, की कर्ज संपलं. फक्त घरातलं सगळं खरंखरं लिहून द्यायचं. न्यायालयाचा माणूस येऊन ते पाहून जाईल.

यातलं तोमिएच्या डोक्यात शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. न्यायालयाचा माणूस येणार.

तिने ते हमामखान्याच्या मालकाला, हामुराला सांगितलं. हामुरा म्हणजे गल्लीतला सर्वज्ञ. दिवसभर लोक त्याच्याकडे अंघोळीला येतात, आणि अंगाबरोबर बातम्याही तिथेच सोडून जातात. तो माणूस येईल, प्रत्येक वस्तूला लाल चिठ्ठी चिकटवील आणि सगळं उचलून नेईल, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं.

मग गल्ली कामाला लागली. दिवस उन्हाळ्यातल्या भेटवस्तूंचे होते. आमच्याकडे या दिवसांत जो तो कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन कुणाच्या तरी घरी निघालेला असतो. त्यामुळे भरदुपारी तोमिएचं घर रिकामं झालं आणि कुणाला संशयही आला नाही. गाद्या न्हाव्याकडे गेल्या, भाताचा कुकर फुलवालीकडे. मी जांभळ्या रेशमी कापडात, नव्या नवरीच्या थाटात, हामुराच्या हमामखान्यात पोचलो.

मित्रांनो, तांब्याला वाफेत ठेवू नये. पंधरवड्यातच माझ्या अंगावर हिरवा गंज चढला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याखाली जाळ नव्हता, वर तेल नव्हतं. भिंतीपलीकडे म्हातारे गरम पाण्यात बसून गाणी म्हणत आणि मी कोपऱ्यात हिरवा होत होतो.

अर्ज न्यायालयात जाण्याआधी वकीलबाई स्वतः घर बघायला आल्या. पुढचा संवाद तोमिएने नंतर गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलाय की मला तो पाठच आहे. त्यातलं 'सान' म्हणजे तुमच्याकडचं राव किंवा बाई.

"कुवाबारासान, तुम्ही झोपता कुठे?"

"जमिनीवर. पाठीला बरं असतं."

"आणि जेवण?"

"भूक लागत नाही हल्ली."

"आणि ताकोयाकीचा तवा?"

"तो... फुटला."

"तांब्याचा तवा फुटला?"

तेवढ्यात हामुरा मला काखेत घेऊन दारात हजर. चपला काढता काढता म्हणाला, "तोमिएबाई, हा तुमचा हिरवा पडत चाललाय. व्हिनेगर लावू का मीठ?"

वकीलबाई आधी हसल्या. मग हसू गिळून त्यांनी तोमिएला समोर बसवलं.

"अहो, गाद्या, कपडे, स्वयंपाकाची भांडी यांना कुणी हात लावू शकत नाही. ज्या हत्यारावर तुम्ही स्वतःच्या हातांनी पोट भरता त्यालाही नाही. हे कायद्यातच लिहिलंय. हा तवा तुमचाच राहणार होता. पण लपवलात ना, तर त्या एकाच गोष्टीवरून न्यायालय माफी नाकारू शकतं. मग कर्ज जन्मभर तुमच्या मानेवर."

तोमिएचा चेहरा माझ्यापेक्षाही हिरवा झाला. तरी तिने धीर करून विचारलं, की हामुरासाननी अडीअडचणीला उसने पैसे दिलेत, निदान त्यांचे तरी आधी गुपचूप फेडू का? रोज तोंड दाखवायचं असतं.

तेही चालणार नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं. बँक असो की शेजारी, कर्जदाराने एकालाच आधी द्यायचं नाही. सगळ्यांची नावं एका यादीत.

तोमिए मान खाली घालून रडायला लागली. हामुराने मला हळूच तिच्या पुढ्यात ठेवलं.

"लिहा की माझं नाव. एवढ्या मोठ्या बँकेच्या खाली माझं नाव येणार, माझ्या बापालासुद्धा हा मान मिळाला नव्हता."

संध्याकाळपर्यंत सगळी गाठोडी परत आली. जाताना जी गुपचूप गेली होती ती येताना मात्र गप्पा मारत आली. वकीलबाईंनी एकेक वस्तू लिहून घेतली, आणि ती लपवली होती हेही लिहिलं.

काही आठवड्यांनी न्यायालयाचा माणूस आला. उशिओ त्यांचं नाव, सुकलेले, कमी बोलणारे. त्यांनी मला उचलून वजनाचा अंदाज घेतला. जुन्या तांब्याला मोल असतं, हे त्यांच्या भुवयांवरून मला कळलं. तोमिएलाही कळलं.

"यावर तुम्ही स्वतः काम करता?"

"करून दाखवते," ती म्हणाली.

पहिला घाणा चिकटला. हमामखान्यातल्या वाफेने माझं मुरलेलं तेल उतरलं होतं. एकेक गोळा फाटून वर येत होता. उशिओ बघत उभे. तोमिएने काहीच सबब सांगितली नाही. मला खरवडलं, पुसलं, तेल पाजलं, जाळ बारीक केला आणि वाट पाहिली. मीही होता तेवढा जीव एकवटून तापलो. दुसऱ्या घाण्याला सळईच्या एका गिरकीत गोळा उलटला, गोल, तांबूस, कुठेही न फाटता.

उशिओंनी कागदावर लिहिलं आणि ते तिला वाचून दाखवलं: उपजीविकेचं साधन, मालकिणीकडेच राहील. मग त्यांनी प्लेटभर गोळ्यांचे पैसे मोजून दिले. फुकट घेता येत नाही म्हणाले. खाऊन झाल्यावर मात्र त्यांनी तोंडभरून स्तुती केली. तोमिएने मुकाट्याने एक गोळा जास्तीचा वाढला, आणि तो त्यांनी घेतला.

पानं गळायला लागली तेव्हा वकीलबाई स्वतः निकाल घेऊन आल्या. लपवलेलं आपणहून सांगितलं, वस्तू परत आणल्या, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं होतं. माफी मिळाली. तोमिए तो कागद उभ्याउभ्या वाचत राहिली. माझ्यावरचे गोळे करपायला लागले, धूर निघाला, रांगेतली माणसं खोकायला लागली, तरी तिला पत्ता नाही. इतक्या वर्षांत तिच्या हातून घाणा करपायची ती पहिलीच वेळ. मला मुळीच वाईट वाटलं नाही. ते करपलेले गोळे हामुराने पूर्ण किमतीला विकत घेतले आणि उभ्याने खाल्ले. म्हणाला, असे कडक गोळे फार दिवसांत खाल्ले नव्हते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या ओळखीचं कुणी कर्जात बुडालं, तर त्याच्या वस्तू लपवायला धावू नका. त्याला आधी जाणत्या वकिलाकडे न्या आणि दाराबाहेर थांबून राहा. माणूस अंधारात झाकून ठेवला तर त्यालाही गंज चढतो. त्याला उजेडात आणा, कामाला लावा आणि त्याच्या पहिल्या चिकटलेल्या घाण्याला हसू नका. दुसरा घाणा होईपर्यंत थांबा.

आता मला जाऊ द्या. जाळ लागलाय, आणि रांग वळणापर्यंत गेली आहे.