गव्हात निजला राजा

"काकू, परसों मंडळी आपल्या गल्लीत येणार. आपल्याकडे रुकायचं का?" समीरनं दारातूनच विचारलं.

मंजिरीबाईंनी पिकोचं मशीन थांबवलं नाही. लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देणं हे त्यांचं काम, आणि नाताळ आला म्हणून गिऱ्हाईक थोडंच ऐकतं?

"दारात तारा लावलाय का?"

"नाही."

"मग?"

समीर समजला. नाताळात चर्चची गाणारी मंडळी घरोघर जाते. ज्या दारात कागदी तारा, तिथं थांबून गाते. दुःखाच्या घरी पहिल्या वर्षी तारा लावत नाहीत, आणि त्या घरापुढून मंडळी गाणं थांबवून निमूट पुढे जाते. ऑगस्टात मंजिरीबाईंचा नवरा संजीव गेला होता. मंडळीचं ढोलक लग्नाआधीपासून त्याच्याच गळ्यात असायचं. आता ते समीरकडे आलं होतं.

जाता जाता समीर म्हणाला, "आणि काकू, या साली ते 'गव्हाणीत' बरोबर करून घेतलं. सगळ्यांकडून पुस्तक बघून रटवून घेतलं. तुम्ही किती साल म्हणत होत्या ना."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मशीनची सुई मोडली.

आता ही 'गव्हाणी'ची भानगड सांगायला हवी. मंजिरीबाई नगरकडच्या, शाळामास्तरांची लेक. काना-मात्रा चुकली तर जेवण गोड लागत नसे अशा घरातल्या. संजीव पक्का इंदुरी, बोलताना अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मंडळी सगळी गाणी हिंदीत गायची, मराठी एकच, 'गव्हाणीत निजला राजा', तेही संजीवच्या हट्टापायी. गुरांना चारा घालतात ती गव्हाण. बाळ येशू तिथं निजला. पण संजीव लहानपणापासून हिंदीतली 'चरनी' ऐकत आलेला, त्याला गव्हाण कुठून ठाऊक असणार? त्यानं आपलं 'गव्हात निजला राजा' करून टाकलं, आणि त्याच्यामागून अख्ख्या मंडळीनं.

लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात बाईंनी त्याला टोकलं. तो म्हणाला, "अगं, देपालपूरकडे जाऊन बघ. दिसंबरात जिकडे तिकडे गहू. आपल्या माळव्यात आला असता तर कुठं निजला असता, सांग." पालथ्या घड्यावर पाणी! छत्तीस नाताळ हीच तक्रार आणि हाच जबाब. खरं सांगायचं तर त्याशिवाय नाताळ आल्यासारखं दोघांनाही वाटत नसे.

आता बाई देवाशीच बोलत नव्हत्या. रविवारी चर्चला जायच्या, डोळे मिटायच्या, पण आतून शब्द उमटत नसे. पाळक म्हणाले, धीर धरा. धरायला हाताला काही लागायला तर हवं! शेजारच्या गयाबाई करंज्यांचा डबा देऊन गेल्या. दुःखाच्या घरी कढई चढत नाही, मग शेजाऱ्यांनी करायचं. गयाबाई बौद्ध, पण इतकी वर्षं नाताळाला त्यांनी याच घरच्या करंज्या खाल्लेल्या. बाईंनी तो डबा उघडलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मंडळी आली. आधी कोपऱ्यावर गाणं झालं, मग पलीकडच्या घरी. मग एकदम सगळं शांत झालं. बाई दाराआड उभ्या होत्या. वीसेक माणसं पायांचा आवाज होऊ नये म्हणून जपून चालली होती. कुणाचा तरी हात ढोलकाला लागला, बारीकसा आवाज झाला आणि लगेच कुणी तरी तो दाबला. बाईंना भडभडून आलं. जन्मभर ढोलक वाजवलेल्या माणसाच्या दारात ढोलकालाच वाजायची चोरी!

त्यांनी दार उघडलं.

"रुका," त्या म्हणाल्या. नगरच्या मास्तरांच्या लेकीला 'थांबा' हा शब्द त्या वेळी सुचलाच नाही.

समीर गडबडला. "काकू, पण तारा..."

"नसू दे तारा. त्यांचं गाणं गा."

मंडळीनं सूर धरला. 'गव्हाणीत निजला राजा', अगदी स्वच्छ. बाईंच्या वडिलांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण त्यात संजीव कुठंच नव्हता. या चुकीशी आपण छत्तीस वर्षं भांडलो, आणि तेवढीच आता त्याची उरली होती, हे बाईंना तिथं दारात उभ्याउभ्या कळलं. त्यांनी हात वर केला.

"चुकलं."

"काकू, पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकात असेल. आपल्याकडे गव्हात निजतो."

मग समीरनं मान खाली घालून ढोलकावर थाप मारली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि 'गव्हात' आलं तेव्हा सगळ्यात मोठा आवाज मंजिरीबाईंचा होता. बेसूर, मध्येच फुटणारा. आपण संजीवशी बोलतोय की देवाशी, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. पण बोलत होत्या.

गाणं संपल्यावर त्यांनी आतून गयाबाईंचा डबा आणला. प्रत्येकाच्या हातावर एक करंजी ठेवली. समीरच्या हातावर ठेवून त्या पुन्हा डब्यात हात घालू लागल्या तसा तो म्हणाला, "बस काकू, एक पुष्कळ."

"घे," बाई म्हणाल्या. "ढोलकवाल्याच्या दोन असतात."