ट्रायल फाट्यांवर पोचलंच नाही

सौंदडजवळच्या तलावाचं पाणी कधी सोडायचं, हे दुधराम ठरवत. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष होते ते, आणि त्यांनी शब्द फिरवला असं कधी झालं नव्हतं. पाट साफ झाल्याशिवाय पाणी नाही, हा यंदाचा शब्द. धान पोटरीत आलं, पाण्यावाचून अडलं, तरी पाटातलं गवत काढायला कुणी फिरकलं नव्हतं.

त्यांची मुलगी डिंपल घरूनच एका कंपनीचं प्रोग्रामिंग करायची. समितीसाठी तिने हौसेने मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहिला. मोठा प्रोग्राम पाटाच्या प्रत्येक फाट्यासाठी एकेक छोटा प्रोग्राम सुरू करणार, आणि छोटे आपापल्या शेतकऱ्यांना मेसेज धाडणार. त्या दिवशी सकाळी चाचणीसाठी मोठ्याला सुरू करताना तिने पुढे 'ट्रायल' हा पर्याय जोडला, म्हणजे मेसेज नुसते पडद्यावर दिसावेत, बाहेर जाऊ नयेत. मोठ्याने निमूट ऐकलं आणि पोटात ठेवलं. लेकरांना कामाला लावताना ट्रायलचं अवाक्षर काढलं नाही. घरातल्या मोठ्याला सांगितलं की सगळ्यांना कळतं, असा डिंपलचा समज कसा झाला, देव जाणे. तिच्या घरात तरी असं कधी घडलं नव्हतं.

चाचणीचा मेसेज खराच बाहेर गेला: 'आज पाणी सुटणार. दुधराम.' घरोघरी फोन वाजले आणि बघता बघता गाव तलावावर जमला. डिंपलने धावत जाऊन बाबांना चूक सांगितली. आपल्यापायी बाबांचा शब्द जाणार, म्हणून तिला रडू येत होतं. दुधराम फावडं खांद्यावर टाकून निघाले.

तलावावर चुन्नीलाल या शेतकऱ्याने विचारलंच, की पाट तर तसाच आहे, मग हा मेसेज पाठवला कुणी? डिंपल तोंड उघडणार, तोच दुधराम म्हणाले, "मीच पाठवलो. पाणी आजच सुटंल. पाट साफ झाला का सुटंल."

लोक कुरकुरले. पण पाणी डोळ्यांसमोर होतं, परत कोण जाणार? दिवस कलताना पाट मोकळा झाला आणि पाणी सुटलं.

संध्याकाळी डिंपल प्रोग्राम दुरुस्त करायला बसली. मोठ्याला दिलेला पर्याय आता प्रत्येक छोट्याच्या हाती जाणार होता. दुधराम मागे येऊन उभे राहिले.

"काऊन दुरुस्त करून राहिली?"

"पुन्हा असं झालं तर, बाबा?"

"झालं तर मी आहो ना. पुढच्या हप्त्यात ग्रामसभा आहे. तिथं बी कोणी येत नाई."