बाबांची इंग्रजी विशेषणं

माझ्या बाबांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. पण एखाद्याचं कारण किती तकलादू आहे, हे त्यांना फक्त इंग्रजीतच सांगता यायचं. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत ते क्लार्क होते आणि सगळ्यांचे रजेचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून साहेबांकडे जायचे. पूर्वीचे एक साहेब, कारण पटलं नाही की अर्जाच्या कडेला लाल शाईनं एकच इंग्रजी शब्द लिहायचे. बाबांनी ते सगळे शब्द उचलले आणि घरी आणले.

घरी म्हणजे नाशिकरोडला, आमच्या कॉलनीत. काहीही हवं असलं की बाबांसमोर उभं राहून कारण सांगायचं, अशी आमच्याकडे पद्धत. चष्मा कपाळावर सरकवून ते ऐकायचे आणि निकाल द्यायचे. 'वीक' म्हणजे कारण खरं आहे, पण अंगात जीव नाही. जरा खाऊपिऊ घालून परत आण. 'लेम' म्हणजे लंगडं, दुसऱ्या खोट्याच्या खांद्यावर हात टाकून आलेलं. 'फ्लिम्झी' म्हणजे आरपार दिसतंय. 'हॉलो' म्हणजे आवाज मोठा आणि आत काही नाही. आणि 'फार-फेच्ड' ऐकू आलं की समजायचं, एवढ्या लांबून कारण ओढून आणण्यापेक्षा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, माझा स्वभावच तापट.

"पोट माझं दुखतंय बाबा, तुम्हाला काय कळणार?"

"लेम. गणिताच्या पेपरालाच बरं दुखतं तुझं पोट!"

शेजारचा गोरक्ष कारखान्यात कामाला होता. सुट्टी मागायच्या आदल्या दिवशी तो कारण तपासून घ्यायला आमच्याकडे यायचा.

"कारभारीभाऊ, सासू वारली म्हणून सांगू का?"

"अरे, मागच्या दिवाळीत एकदा मारलीस ना तिला? आता थोडी कळ काढ."

हळूहळू ते शब्द अख्ख्या कॉलनीचे झाले. पतंग फाटला की पोरं 'फ्लिम्झी' म्हणून ओरडायची. सातवीपर्यंत शिकलेली माझी आईसुद्धा भाजीवाल्याला बिनधास्त सुनावायची, "दादा, मेथी लई लेम दिसतेय आज."

मी डी.एड. झाले आणि २००१ साली शिक्षणसेवक म्हणून माझा आदेश आला. पेठ गावाच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावरची शाळा. आठवड्याभरात हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. मी तर नाचायचीच बाकी होते. बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "नाही जायचं."

आता बोला! विहारात दर कार्यक्रमाला उभं राहून 'मुलींना शिकवा, नोकरीला लावा' म्हणून सांगणारा हा माणूस.

"का नाही जायचं?" मी विचारलं.

"तिकडे एसटी वेळेवर नसते."

"वीक. मी तिथेच राहणार आहे, एसटी काय करायचीय?"

"साप असतात."

"इथे गोरक्षदादाच्या मोरीत निघाला होता तो काय होता? फ्लिम्झी!"

"तुला स्वयंपाक येत नाही."

"लेम, लेम, लेम!" मी किंचाळलेच. "आयुष्यभर आमची कारणं तपासलीत, आता स्वतःची बघा जरा!"

बाबा चष्मा कपाळावर न सरकवता नुसते खाली बघत बसले. आई भाकरी थापत होती. त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोरक्षदादानं मला नळावर गाठलं.

"संजना, अगं, भाऊ काल माझ्याकडं आले होते. कारण तपासून घ्यायला!"

"कोण, बाबा?"

"मग सांगतोय काय! पोरीला कसं थांबवायचं म्हणून एकेक कारण सांगायला लागले. मी म्हटलं, भाऊ, राग मानू नका, पण सगळीच लेम आहेत. खरं काय ते सांगा. तर तसेच उठून गेले. डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. बादली तिथेच टाकून मी घरात गेले आणि बाबांसमोर खाली बसले.

"बाबा, खरं काय ते सांगा ना."

ते हाताचे पंजे चोळायला लागले.

"तुझ्या जन्माआधीची गोष्ट," ते म्हणाले. "माझी पहिली नेमणूक अशीच बाहेर, एका तालुक्याच्या गावी होती. खोली बघायला जायचो. घरमालक हसून बोलायचे, चहा टाकायला सांगायचे. मग नाव विचारायचे. मग आडनाव. मग म्हणायचे, अरेरे, कालच दिली हो खोली. चहा यायच्या आत दार लागायचं. सगळं गाव फिरलो मी. शेवटी कचेरीच्या व्हरांड्यात झोपलो, अख्खा पावसाळा." "माझ्या तोंडावर लावली दारं, ते मी सोसलं. तुझ्या तोंडावर लावलेलं दार मला बघवणार नाही, बाळा."

त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडले. एवढं मोठं ओझं घेऊन हा माणूस रोज आमच्याशी पोटदुखीवरून भांडत होता!

चुलीपाशी बसलेली आई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मग दोघं जा. एका दारानं नाही म्हटलं तर दुसरं बघा. पण माझी पोर त्या दारांच्या भीतीनं घरात बसायची नाही."

आईचं बोलणं झालं की आमच्याकडे अपील नसतं. बाबांनी रजा टाकली आणि आम्ही पेठची एसटी पकडली.

पाड्यावर शाळेला लागून भागीबाईंचं घर होतं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. एक खोली रिकामी आहे, असं शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं. भागीबाई अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. ताठ उभे राहिले, जणू कोर्टातच आलेत.

"बाई, आधीच सांगतो. आम्ही बौद्ध आहोत. मागाहून कुरबुर नको."

भागीबाईंनी सूप खाली ठेवलं. मान वर करून आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तरीण ही का?"

"हो," मी म्हणाले.

"मागला मास्तर टिकला नाय. आठ दिस आला न् गेला. पोरं नुसती बोंबलत फिरतात. तू राहशील ना?"

"राहीन."

"मंग झालं. खोली झाडून ठेवलीय." आणि मग बाबांकडे वळून, "तुमी काय उन्हात उभे? आत या. भाकर टाकलीय."

बाबा हललेच नाहीत. मी त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याशी क्षणभर थांबले आणि आत गेले. भागीबाईंनी आपल्या चुलीशेजारी त्यांना पाट दिला. ताटात नागलीची भाकर आणि उडदाची आमटी वाढली.

दुसऱ्याच्या घरी बाबा कधी काही मागत नाहीत. अगदी घसा कोरडा पडला तरी पाणीसुद्धा नाही. मला समजायला लागल्यापासून मी हेच बघत आले होते. त्या दिवशी त्यांनी भाकर संपवली, ताट जरासं पुढे सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, अजून एक मिळेल का?"