लामानंदाचा उपास

तासगावच्या अलीकडे, सांगली रस्त्यावर भाऊसोंचं बेदाण्याचं शेड आहे. त्या गुरुवारी शेडपुढे मोटारसायकलींची रांग लागली होती, दोन ट्रॅक्टर वाटेतच सोडलेले होते, आणि आत शहाणीसुरती माणसं एका कुत्र्याच्या पाया पडत होती.

कुत्रं तरी केवढं? बोक्याहून बोटभर मोठं. मखमलीच्या गादीवर बसवलेलं, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर गंध. अंगावरच्या केसांचे गठ्ठे होऊन जमिनीला टेकलेले, आणि दोन्ही डोळ्यांखाली तांबूस ओघळ. त्याचं नाव श्री लामानंद स्वामी. मागे उंच आसनावर तेजोनाथ महाराज माइक घेऊन बसले होते. हे महाराज फलटणकडून आले होते. तिकडे ते आधी प्लॉट विकायचे, असं काही जण म्हणत. बोलणं ऐकून ते खरं वाटे, कारण ओसाड माळ दाखवून बंगल्याचं स्वप्न विकणाऱ्याची जीभ काही लपत नाही.

"भक्तहो, याला कुत्रा म्हणाल तर जीभ झडेल," महाराज सांगत होते. "हा ल्हासाचा. ल्हासा कुठं आलं? तिबेटात. हिमालयात तप केलेला लामा या देहात उतरलाय. जटा बघा. कुणी वळल्या? आपोआप. डोळ्यांतून रक्ताश्रू येतात ते कुणासाठी? तुमच्या पापांसाठी. आणि दत्तगुरूंच्या वारी अन्नाचा कण घेत नाहीत. तुमच्यात कोण एवढा कडक गुरुवार करतो, हात वर करा."

हात कुणी वर केला नाही. जोडले मात्र सगळ्यांनी.

शेवटच्या रांगेत राजेश्वरी उभी होती. सांगलीच्या विश्रामबागेत एका शाळेत ती विज्ञान शिकवते. तिच्या पिशवीत उकडलेल्या कोंबडीचा आणि भाताचा डबा होता, आणि समोर देव म्हणून बसवलेला तो तिचाच ढबू होता.

वडील, तात्याबा, गेले आणि आई मनुबाई मळ्यात एकटी पडली. तिला सोबत हवी म्हणून राजेश्वरीनं हे ल्हासा अप्सो जातीचं पिल्लू आणून दिलं. अंगाची गुंडाळी करून झोपलं की ढबू मिरचीसारखं दिसायचं, म्हणून ढबू. ही जात लहान, माणसाला चिकटून राहणारी, पण सेवा करून घेणारी. रोज विंचरावं लागतं, नाहीतर केसांच्या गाठी होतात. कपाळावरची झुलपं बांधावी लागतात, नाहीतर ती डोळ्यांत टोचतात. खाणं थोडं, वेळच्या वेळी, बिनमसाल्याचं. कांदा नाही, चॉकलेट नाही, आणि द्राक्षं-बेदाणे तर अजिबात नाहीत. हे शेवटचं ऐकून मनुबाई तेव्हा पोट धरून हसली होती. "तासगावात ऱ्हायाचं आन बेदाणा न्हाई खायाचा? मग त्या बिचाऱ्यानं खायाचं तरी काय?"

संक्रांतीपासून राजेश्वरी शाळेच्या परीक्षांत अडकली होती. फोनवर आई म्हणायची, ढबू बरा हाय, तू यायची घाई करू नगंस. ढबूचा लामानंद झाला आणि तो महाराजांपाशी शेडमध्येच राहतो, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लेक काय म्हणेल, ते तिला चांगलं ठाऊक होतं. आज राजेश्वरी न कळवता मळ्यात आली, तर घराला कुलूप, आणि शेजारणीनं शेडकडं बोट दाखवलं.

आता मनुबाई गादीशेजारी, मानाच्या जागी बसली होती. राजेश्वरी वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "आई, काय चाललंय हे?"

"गप ऱ्हा," मनुबाई हळूच बोलली. तिचे डोळे भरलेले होते. "तुला न्हाई ठावं. म्हाराजांनी पंधरा चपला मांडल्या हुत्या. ह्यो सरळ तुज्या बाच्या चपलंवर जाऊन बसला. चाटली गं त्येनं ती. तात्याबाच हाय त्यो."

राजेश्वरीला राग आला, पण आईच्या तोंडाकडे बघून तो गिळावा लागला. नवरा गेलेल्या बाईला तो परत आलाय असं सांगणं यासारखा सोपा धंदा नाही. त्याला ना भांडवल लागतं, ना परवाना.

तेवढ्यात बाधा शोधण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सात-आठ जण ओळीनं बसले, तळहात पुढे करून. महाराजांचा शिष्य सुमंत प्रत्येकाच्या हाताला भस्म लावत गेला. ओळीत वीरधवल होता, सैन्यभरतीत तीनदा मागे पडलेला गावातला पोरगा. ढबूला खाली सोडलं. तो हात हुंगत हुंगत गेला, वीरधवलपाशी थांबला आणि त्याचा तळहात चाटू लागला.

"सापडली," महाराज माइकमध्ये ओरडले. "भावकीतल्या माणसानं केलंय. व्हायब्रेशन काळं आहे. उतारा करावा लागेल."

वीरधवलचं तोंड उतरलं. मागे त्याचा चुलता उभा होता, त्याच्याकडे चार माणसांनी वळून बघितलं. राजेश्वरीनं मात्र सुमंतकडे बघितलं होतं. बाकीच्यांना त्यानं ताटातलं भस्म लावलं, वीरधवलला मात्र कमरेच्या डबीतलं.

ढबू परत आला तशी ती खाली बसली. त्यानं ओळखलं, शेपूट हलली, आणि त्यानं तिच्या तोंडाशी तोंड आणलं. त्याच्या दाढीला सुकटीचा वास येत होता. वाळवलेल्या बारीक कोळंबीचा तो वास कुणाला कळायचा राहत नाही. मनुबाईला त्या वासानंच मळमळतं. तिच्या घरात सुकट कधी आली नव्हती. राजेश्वरीनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. केसांच्या गठ्ठ्यांखाली नुसत्या बरगड्या लागत होत्या.

तिला सगळं कळलं. एवढ्या भुकेल्या कुत्र्याला ज्याच्या हाताला खाण्याचा वास येईल तोच देवमाणूस, आणि तोच बाधावाला.

ती उठून बोलणार तोच भाऊसो ताट घेऊन पुढे आले. ताटात नव्या हंगामाचा बेदाणा होता, हिरवा, टपोरा. गुरुवारचा उपास महाराजांच्या हातानं सुटायचा होता. महाराजांनी मूठ भरली आणि ढबूपुढे धरली. ढबूनं चावायचीही तसदी न घेता दाणे गिळले.

"थांबा," राजेश्वरी ओरडली. "आई, काढ त्याच्या तोंडातलं. विष आहे ते त्याला."

भाऊसो दुखावले. "विष? ताई, आवं माजा बेदाणा हाय त्यो. एक नंबरी."

"माणसाला एक नंबरी, भाऊसो. कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडतात त्यानं. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखादा चार दाण्यांनी जातो, आणि कोण कसला ते आधी कळत नाही. आत्ता डॉक्टरकडं नेऊन ओकवलं तर वाचेल."

महाराज मंद हसले. "माते, देवाला डॉक्टर? उद्या म्हणशील दत्तगुरूंना इंजेक्शन दे. आणि स्वामींनी देह ठेवलाच, तर ती समाधी. भाऊसोंची ही जागा पवित्र होईल."

आत्ता राजेश्वरीच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याहून एक पायरी पुढे आहे. जिवंत देवाला खायला लागतं आणि तो कधीतरी भलत्याच माणसाला चाटतो. मेलेला देव कसा, निमूट बसून राहतो.

दाराशी दोघे धट्टेकट्टे भक्त आडवे झाले होते. पण खरी अडचण त्यांची नव्हती. मनुबाईनं ढबूला छातीशी घट्ट धरलं होतं. "न्हाई न्ह्यायचं. तात्याबाला दवाखान्यात सुया टोचून टोचून मारला. परत टोचू द्यायची न्हाई मी."

कुत्रं हिसकावून घ्यावं तर एवढी माणसं सोडणार नाहीत, समजावत बसावं तर वेळ जातो. राजेश्वरीनं दोन क्षण विचार केला आणि हात जोडले.

"चुकलं महाराज. शहरातली माणसं आम्ही, जीभ सैल सुटते. पाया पडू द्या."

ओढणीआड तिनं डब्याचं झाकण सैल केलं, बोटं कोंबडीच्या पाण्यात बुडवली आणि महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं. लोक गहिवरले. एवढ्या भक्तिभावानं दहाही बोटं चोळून पाया पडणारी बाई त्यांनी बघितली नव्हती. महाराजांच्या दाढीआडून समाधान ओसंडत होतं.

"आता आमच्या घराला बाधा आहे का बघा," ती म्हणाली. "आणि महाराज, तुम्हीही ओळीत बसा. शुद्ध माणसापुढून स्वामी कसे निघून जातात ते एकदा लोकांना दिसू दे."

हे महाराजांना आवडलं. आपली शुद्धता बघायला सत्तर माणसं जमलेली असताना कोण नको म्हणेल? माइक हातात घेऊनच ते ओळीत येऊन बसले. सुमंतला त्यांनी डोळ्यानं खुणावलं, आणि सुमंतनं कमरेची डबी उघडून राजेश्वरीच्या तळहाताला भस्म लावलं. तिला हवं होतं तेच झालं.

मनुबाईनं ढबूला सोडलं. तो राजेश्वरीच्या हाताशी आला, थबकला, नाक वर केलं. वाळकी सुकट एकीकडे आणि ताजी कोंबडी दुसरीकडे, तेव्हा तिबेटचा लामासुद्धा काय निवडेल हे सांगायला नको. तो सरळ महाराजांपाशी गेला आणि त्यांच्या पायाची बोटं मन लावून चाटू लागला. महाराजांना गुदगुल्या झाल्या. माइक चालूच होता. "ए, हॅ, हट, हाहाहा, सुमंत, धर त्याला," हे सगळं शेडभर ऐकू गेलं.

मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आवं, बाधा तर म्हाराजास्नीच हाय की."

पहिल्यांदा बायका हसल्या, मग सगळं शेड हसलं.

"बाधा नाही, कोंबडी आहे," राजेश्वरी डबा वर धरून म्हणाली. "मी आत्ता पायांना चोळली. वीरधवल, तुझ्या हाताचा वास घे."

वीरधवलनं हात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "सुकट हाय ही."

"या सुमंतच्या डबीत आहे. राखेत सुकटीची पूड. ज्याला गाठायचं त्याच्या हाताला ही, बाकीच्यांना साधी राख. कुत्रा उपाशी ठेवायचा, म्हणजे तो चुकत नाही."

सुमंत दाराकडे सरकत होता. वीरधवलच्या चुलत्यानं त्याचं मनगट धरलं आणि डबी काढून घेतली. ती हातोहात फिरत शेवटी मनुबाईकडे आली. तिनं हुंगली. मग महाराजांकडे वळली.

"म्हाराज, माज्या मालकाच्या चपलंला ह्येच लावलं व्हतंसा?"

"माते, श्रद्धेच्या ठिकाणी असे प्रश्न..."

"व्हय का न्हाई तेवढं सांगा."

महाराजांनी माइक बंद केला आणि ते आपल्या चपला शोधू लागले. मनुबाईनं ढबूच्या गळ्यातली माळ काढून ताटात टाकली आणि त्याला उचललं.

"राजा, गाडी काढ," ती लेकीला म्हणाली.

दाराशी आडवे झालेले दोघे आपणहून बाजूला झाले.

विश्रामबागेत जनावरांच्या डॉक्टर अश्लेषांनी ढबूला ओकवलं. बेदाणे जसेच्या तसे बाहेर पडले, पण सगळे पडले का ते सांगता येत नव्हतं. सलाईन लावलं. आता बघायचं ते एकच, लघवी होते की नाही. झाली तर मूत्रपिंडं शाबूत.

मग डॉक्टरांनी मशीननं केस काढायला घेतले. जटा गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी टेबलाखाली पडल्या. खालची कातडी लालभडक झाली होती. डोळ्यांवरची झुलपं कापली, कापसानं तांबूस ओघळ पुसले. "रक्त नाही हो मावशी," त्या म्हणाल्या. "केस डोळ्यांत टोचत होते, म्हणून पाणी यायचं. या जातीत ते पाणी वाळलं की तांबडं दिसतं."

"मला वाटायचं, माज्यासाटनं रडतंय," मनुबाई म्हणाली. तिला तिथंच हुंदका फुटला. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखी ती रडली, आणि राजेश्वरीनं तिला रडू दिलं. खोटी आशा काढून घेतली की दुखतंच. पण ते दुःख तिच्या पदरी घालणारा तो भामटा होता, ते बोलून दाखवणारी लेक नव्हे.

सकाळी भाऊसो आणि वीरधवल मोटारसायकलवरून आले. महाराज रातोरात स्कॉर्पिओत बसून गेले होते. भाऊसो ओशाळून दारातच उभे राहिले. बेदाणा त्यांचा होता, शेडही त्यांचंच होतं.

"मावशी, देव बरा हाय का?" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

मनुबाई उत्तर देणार तेवढ्यात ढबू टेबलाखाली उठला. भादरलेला, हडकुळा, गुलाबी. चार पावलं डुगडुगत गेला, सलाईनच्या स्टँडपाशी थांबला, एक पाय वर केला आणि सावकाश, भरपूर मुतला. धार भाऊसोंच्या पांढऱ्या चपलेपर्यंत गेली.

डॉक्टर हसल्या. "वाचला."

भाऊसोंचे हात आपसूक जोडले गेले. मनुबाईनं ते धरून खाली केले.

"हात नगा जोडू. डाक्टरणीनं ओकवलं म्हणून वाचलं ते. देव देवाच्या जागी बरा हाय, भाऊसो, मी उद्याबी दत्ताच्या देवळात जाईन. पर ह्ये कुत्रं हाय. ह्येला भूक लागती, ह्येचं डोळं दुखत्यात, आन मी रोज शेजारी बसून ते बगितलं न्हाई, कारन मला चमत्कार बगायचा हुता." तिनं पदरानं डोळे पुसले. "गावात जाऊन सांगा समद्यास्नी. कुटं चमत्कार दिसला, तर पाया पडायच्या आदी एवडंच बगा, हितं उपाशी कोन हाय आन जेवतंय कोन."

मग तिनं राजेश्वरीकडून डबा मागून घेतला आणि डॉक्टरांना विचारलं, किती घास द्यायचे.