विश्वास-वर्षातले संचालक

आमच्या ह्यांना कुणी शाल पांघरली, की आपल्याला मघापासून थंडी वाजत होती असंच त्यांना वाटायला लागतं. ललितशेठने ते बरोबर हेरलं.

हा ललितशेठ म्हणजे पंचवटीतल्या गोदामंगल पतसंस्थेचा चेअरमन. दोन हजार एक साली याच्या संस्थेचं शटर दोन महिने खाली होतं. भाजीवाल्या, फुलवाल्या, रिटायर झालेली माणसं दारात ताटकळत होती आणि हा म्हणे तिरुपतीला गेला होता. ठेवी कुठे गेल्या, तर मेव्हण्याच्या सिडकोतल्या इमारतीत. मग थोडेफार पैसे परत केले, पुढाऱ्यांचे आधी, आणि शटर उघडलं. बदललं काय? रंग! काचेचं दार आलं, टाय लावलेली पोरं आली आणि भिंतीवर हातभर अक्षरांत आलं, ‘नफा नव्हे, नातं!’ डोंबलाचं नातं. पुढचं सबंध वर्ष संस्थेने ‘विश्वास वर्ष’ म्हणून जाहीर केलं.

आमचे हे, यज्ञेश्वर गुरुजी, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. घोटी-नांदगावकडची घराणी पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडेच येतात. कुणी पत्ता विचारत नाही, कुणी दक्षिणेवरून घासाघीस करत नाही. ललितशेठला नेमकं हेच हवं होतं. स्वतःची पत संपली की दुसऱ्याची वापरायची, याला हे लोक सहकार म्हणतात. एके सकाळी शाल-नारळ घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला.

“गुरुजी, तुम्ही नुसते संचालक म्हणून बसा. काम काहीच नाही.”

“काम नाही तर बसायचं कशाला?” मी विचारलं. ओझरच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी हिशेब खात्यात झाली. फुकटची खुर्ची कुणी देत नसतं, एवढं मला कळतं.

“वहिनी, लोकांना एक चेहरा लागतो.”

“लोकांना त्यांचे पैसे लागतात. ताळेबंद आणलाय का?”

“ताळेबंदाचं काय घेऊन बसलात? पैसा गौण आहे हो. आपण माणूस जोडतोय.”

आणि आमचे हे मान डोलावत होते! महिन्याभरात पतसंस्थेबाहेर यांचा मोठा फोटो लागला, गळ्यात उपरणं, कपाळाला गंध. मी म्हटलं, “अहो, एकदा हिशेब तरी बघा.” तर म्हणाले, “ते सीए बघतो. तुला ज्याच्यात त्याच्यात चोर दिसतो.” ज्याच्यात त्याच्यात नाही, ललितशेठमध्ये दिसतो, असं मी म्हणाले, आणि तेव्हापासून आमचं बोलणं पानावर वाढण्यापुरतं उरलं.

मार्गशीर्षात घोटीचा आमचा जुना यजमान, कारभारी, आईचं वर्षश्राद्ध करायला आला. भाताच्या गिरणीत पोती उचलणारा माणूस. रामकुंडावरचं सगळं आटोपून तो घरी टेकला आणि कमरेच्या कापडातून त्याने एक पुडकं काढलं. चाळीस हजार रुपये. त्याच्या आईने, रंगूबाईने, जन्मभर बाजारात भाजी विकून साठवलेले. नातीला, रूपालीला, नर्स करायचं हे म्हातारीने मरताना सांगून ठेवलं होतं, आणि कॉलेजात पैसे भरायचे होते जूनमध्ये.

“गुरुजी, फोटो बघितला तुमचा,” कारभारी म्हणाला. “पोस्टात टाकनार व्हतो. पन तुमी हाय म्हनल्यावर इचारच नाय करायचा. तुमी म्हना, ठेवू ना?”

गुरुजींना पतसंस्थेच्या मेळाव्याला न्यायला आलेला ललितशेठ तिथेच बसला होता. त्याने पावतीपुस्तक काढलंसुद्धा. पेनचं टोपण दातांनी उघडलं मेल्याने.

मी यांच्याकडे बघितलं. ‘नको’ म्हणायला असा किती वेळ लागतो? ज्या तोंडाने या घराण्याच्या चार पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायची, ते तोंड मिटून माझा नवरा उपरण्याचा काठ चाचपत बसला होता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

“हिशेब बघितलेत का तुम्ही?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

“इंदिरा, आत जा.”

“हो की नाही, तेवढं सांगा.”

“नाही,” ते पुटपुटले.

“ऐकलंस, कारभारी? यांना मंत्रातलं कळतं, पैशातलं ओ की ठो कळत नाही. त्या फोटोवर जाऊ नकोस. तिथे दमडी ठेवू नकोस.”

“वहिनी!” ललितशेठ ताडकन उठला. “लोकांचा विश्वास असा मोडायचा नसतो.”

“मोडायला तुम्ही शिल्लक ठेवलाय कुठे?”

तो तणतणत निघून गेला, गुरुजींना न घेताच. हे भिंतीकडे तोंड करून बसले. आमच्या घराण्याचं नाव मी भर बैठकीत धुळीला मिळवलं होतं आणि मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. कारभारी आता उठेल आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही, असं मी धरूनच चालले होते.

कारभारी उठला खरा. पण ते पुडकं त्याने माझ्या हातात दिलं.

“मंग काकू, तुमीच ठेवा. जूनला नेतो.”

“अरे, वेडबिड लागलं का तुला? मी कोण? माझ्याकडे ना तिजोरी, ना पावती. उद्या मी कानावर हात ठेवले तर?”

“तुमी नाय ठेवनार.”

“चल, आत्ताच्या आत्ता पोस्टात जाऊ.”

“नाय ओ, गाडी चुकंल. पोरगी येकटी हाय घरी.” पायात चपला सरकवून तो गेलासुद्धा. वळूनदेखील बघितलं नाही गाढवाने.

कारखान्याचे लाखांचे आकडे लिहिताना मी कधी दुसऱ्यांदा बेरीज केली नव्हती. हे चाळीस हजार मी तीनदा मोजले. हे ठेवू कुठे? तांदळाच्या डब्यात? गादीखाली? चोर आला तर? आग लागली तर? जूनच्या आत मीच गचकले तर त्या पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

“दे इकडे, मी कपाटात ठेवतो,” हे हळूच म्हणाले.

“हात लावू नका,” मी म्हटलं.

पदराने मानेवरचा घाम पुसला, तरी तो थांबेना. आणि तेव्हा मला ललितशेठची खरी किळस आली. असली पुडकी त्या माणसाच्या हातात वर्षानुवर्षं रोज पडत होती, आणि त्याला एकदाही घाम फुटला नव्हता.