सात वर्षांपूर्वीचा आक्षेप

येसाजीचा सखा, सख्याचा मनोज, मनोजची निशिगंधा. भिसेगावातल्या या घराण्यात बोललेला शब्द मागे घेण्याची रीत नव्हती. निशिगंधा मात्र सकाळपासून एकेकाळचा सहकारी मिलिंद याचा जुना कोड वाचत होती आणि दर ओळीला थबकत होती.

चालती संगणकयंत्रणा न थांबवता तिच्या आत डोकावणारी एक छोटी संगणकभाषा होती; हा कोड तिच्यासाठीच लिहिलेला. जगभरची माणसे मिळून ती घडवीत. पॉइंटर, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला एखादा पत्ता, हाती लागला की या भाषेला तो निव्वळ आकडा वाटे. त्या पत्त्यावर काय ठेवले आहे, हे तिला उमगत नसे. ‘इथे अमुक प्रकारची नोंद आहे, तशी वाच,’ असे तिला सांगण्याची सोय, म्हणजे टाइपकास्ट, मिलिंदने सात वर्षांपूर्वी लिहून पाठवली होती. ‘कुणी चुकीचा प्रकार सांगितला तर यंत्रणाच कोसळेल,’ असा आक्षेप निशिगंधाने भाषेच्या चर्चापानावर सर्वांसमक्ष लिहिला. सोय नाकारली गेली. मिलिंद पुन्हा तिकडे फिरकला नाही.

आज निशिगंधालाच ती सोय हवी होती. खिडकीबाहेर उल्हास नदीवरचे धुके हलके हलके वर चढत होते. पैलतीरावरची घरे पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसत होती. पडद्यावरचे पत्तेही तसेच, आधाराविना. कोडसोबतच्या टिपणाच्या शेवटच्या पानावर तिची नजर खिळली. पत्ता वाचता आला नाही, तर थांबेल ती फक्त या भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे डोकावणारा छोटा प्रोग्राम. यंत्रणा चालूच राहील. सारे तिथे लिहिलेले होते. ते पान तिने तेव्हा उघडलेच नव्हते.

तिने लोधिवलीला मिलिंदच्या घरी फोन लावला.

“मिलिंद, तुझं बरोबर होतं. मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं रं.”

“ठाऊक हाय. एका पानाला सात वर्सं लागली होय गं?”

“माफ कर.”

“माझ्या कानात सांगून काय उपयोग? जिथं बोललीस, तिथंच बोल.”

फोन ठेवून तिने पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला. धुके आता खिडकीशी आले होते. मग आपल्या जुन्या आक्षेपाखाली तिने लिहिले: ‘पूर्ण न वाचता मी नकार दिला. चूक माझी.’ मिलिंदचा कोड तिने नव्याने पाठवला. लेखक म्हणून नाव एकट्या त्याचे.

तिसऱ्या प्रहरी त्याखाली मिलिंदचा मजकूर उमटला. त्याने दोन नव्या चाचण्या जोडल्या होत्या. पाठोपाठ फोनवर त्याचा एकच शब्द आला:

“फिटलं.”